कात्री, गोंद आणि हाना ह्योख

मीम बनवताना आपण काय करतो? एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड, वर दोन शब्द. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हाना ह्योख हेच काम कात्री आणि गोंद घेऊन करत होती.

१९१८ मध्ये ती आणि तिचा जोडीदार राउल हाउसमान बाल्टिक किनाऱ्यावर सुट्टीला गेले. तिथे घरांत सैनिकांची छापील चित्रं टांगलेली. युनिफॉर्म तोच, पोज तीच, फक्त चेहऱ्याच्या जागी घरच्या मुलाचा फोटो चिकटवलेला. जत्रेत आपण विमानाच्या कटआउटमागे उभं राहून फोटो काढतो ना, तसंच काहीसं. फोटोमोंटाज आपल्याला इथे सुचला, असं हाउसमान सांगायचा. ग्रोस आणि हार्टफील्ड हे त्यांचे मित्र म्हणायचे, आम्ही आधीच केलं होतं. श्रेयाचं भांडण तिथूनच सुरू!

हाना तेव्हा उलश्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला होती. बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, लेसचे नमुने काढायची. तिथल्याच सचित्र अंकांतून तिने फोटो कापले.

१९२० मध्ये बर्लिनला डाडा कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरलं. हानाचं काम घ्यायला ग्रोस आणि हार्टफील्ड तयार नव्हते. मग मीही बाहेर पडतो, असं हाउसमानने बजावलं, तेव्हा कुठे ते लागलं.

त्यातल्या एका मोठ्या कोलाजच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातली सुरी आहे. चित्रात आइन्स्टाइन, लेनिन, यंत्रांची चाकं, आणि पायउतार झालेला कैसर, ज्याच्या मिशीच्या जागी दोन पैलवान! खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा छोटा नकाशा. त्यात बायकांना मतदानाचा हक्क असलेले देश दिसतात. जर्मन बायकांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं ते जानेवारी १९१९ मध्ये. नकाशाला खेटूनच हानाचा स्वतःचा इवलासा चेहरा आहे. सही म्हणा हवं तर.

पुढे हान्स रिश्टर या सहकाऱ्याने आठवणी लिहिल्या. त्यात हाना कशी दिसते? पैशांची चणचण असतानाही सगळ्यांसाठी सँडविच, बिअर, कॉफी जमवणारी गुणी मुलगी! कोड एकीने लिहायचा आणि कौतुक तिच्या चहाचं करायचं, हे आमच्या आयटीतही नवीन नाही.

पण नाझी काळात अशी कला जवळ ठेवणंही धोक्याचं होतं. तेव्हा बर्लिनच्या कडेला हायलिगनझेच्या घरात डाडाची कामं आणि कागदपत्रं लपवून जपली ती याच हानाने. मित्रांचीसुद्धा!

ते कोलाज आज बर्लिनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. फोनवर उघडलंत तर आधी उजवा खालचा कोपरा झूम करा.