हरकाऱ्याचा टप्पा आणि मुठेलाचा गोळा

26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत सलग खुली झाली. त्यापूर्वीच्या रत्नागिरीला एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्री आणि मध्ये खाड्यांनी ठिकठिकाणी तोडलेला जांभ्याचा सडा एवढीच दळणवळणाची सामग्री निसर्गाने दिली होती. आगबोटी होत्या तेव्हाही त्या बंदरांना लागत त्या उघाडीच्या आठ महिन्यांत. एकदा मृगाने समुद्र खवळला की दर्यामार्ग बंद होई, आणि मग सरकारी खलिते, सावकाराच्या हुंड्या, मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाचे घरी यायचे पत्र, या सर्वांचा भार माणसाच्या पायांवर येऊन पडे. आज भाट्याच्या वाळूवर पहाटे घड्याळ लावून धावणारी तरुण मंडळी, धावल्यानंतर पाय लवकर पूर्ववत व्हावेत म्हणून बर्फाचे टब, घट्ट मोजे, कंप देणारी यंत्रे यांविषयी जी जिज्ञासा बाळगतात, ती जिज्ञासा पोटासाठी धावणाऱ्या या माणसांना उपभोगण्यास सवड नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा धावावयाचे हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच, आणि त्याचे त्यांच्या व्यवसायाने काढलेले उत्तर मला आजच्या पुष्कळ उत्तरांहून अधिक विचारार्ह वाटते.

मराठी दफ्तरांत जासूद आणि कासीद या पत्रवाहकांचे उल्लेख पदोपदी सापडतात. महत्त्वाचे पत्र एकट्याच्या हाती न देता जोडीने रवाना करावे, म्हणजे वाटेत एकास दगाफटका झाला तरी दुसरा पोहोचेल, हा रिवाज होता. त्यांना रोजमुरा मिळे, मुक्कामावर शिधा मिळे, आणि शुभवर्तमान आणणाऱ्याच्या वाट्यास बक्षीसही येई. पेशवाई गेली, 1822 च्या सुमारास इंग्रजांनी दक्षिण कोकणाचे ठाणे बाणकोटाहून रत्नागिरीस हलविले, आणि जिल्ह्याची कचेरी जिथे तिथे टपाल या न्यायाने हरकाऱ्यांची व्यवस्था कंपनी सरकारच्या अमलाखाली आली. 1 ऑक्टोबर 1854 पासून साऱ्या हिंदुस्थानात अंतर कितीही असो, वजनावरच टपालहशील आकारण्याचा नियम झाला, तिकिटे निघाली, सामान्य रयतही पत्रे पाठवू लागली आणि थैल्या जड झाल्या. थैली वाहणारा मात्र तोच राहिला. हाती भाला किंवा काठी, तिला घुंगरे बांधलेली, म्हणजे अंधारात सापा-जनावराने वाट द्यावी आणि पुढच्या चौकीवरच्या माणसाने झोपेतून उठून कंबर कसावी, हे त्याचे रूप अनेकांनी वर्णिले आहे.

त्या घुंगरांच्या काव्यमयतेत एक रूक्ष पण मोलाची गोष्ट आपल्या दृष्टीआड होते. हरकारा मुंबईहून रत्नागिरीपर्यंत धावत नसे. तो एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत, साधारणपणे सहा ते आठ मैल धावे, तेथे थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई, आणि हा पाय पसरून बसे, तो उलट दिशेची थैली येईपर्यंत. अतिमानुष वेग होता तो थैलीला. माणसाचा वेग माणसाला साजेसाच होता. आंबा, कुंभार्ली किंवा अणुस्कुरा या घाटांनी देशावर चढणारे टपालदेखील याच न्यायाने चढले.

रस्त्याचे दुःख निराळेच होते. जांभ्याचा सडा वैशाखात तव्यासारखा तापतो आणि आषाढात शेवाळाने निसरडा होतो. अशा भूमीवर अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेला भेगा पडत, आणि त्या चिरून रक्त येऊ लागले की धावणे राहो, उभे राहणे अवघड होई. यावर कोकणातल्या घराघरांत जे औषध असे ते म्हणजे मुठेल. रातांब्याची साले आगळात भिजवून उन्हात वाळविली की आमसुले होतात आणि मागे बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तवंग येतो, तो काढून निववला की घट्ट होतो, आणि मग मुठीत दाबून त्याचे पांढुरके, बोटांचे ठसे उमटलेले गोळे वळतात. रात्री दिव्याच्या ज्योतीवर गोळ्याचे टोक धरावयाचे, वितळलेला थेंब कढत असतानाच भेगेत सोडावयाचा, क्षणभर ओठ दाबून सोसावयाचे, आणि पाय फडक्यात गुंडाळून निजावयाचे. ही स्निग्धता कातडीत मुरते, भेग मऊ होते, ओलावा टिकतो. सौंदर्यप्रसाधनांच्या देशोदेशीच्या कारखान्यांना आज हेच कोकमाचे लोणी हवे असते, यावरून आमच्या आज्यांची पारख ध्यानात यावी. ज्याच्या उपयोगाविषयी शंका घेण्याचे कारण नाही असे या विषयातले हे बहुधा एकमेव औषध होय. पण ते कातडीचे औषध आहे, स्नायूंचे नव्हे.

स्नायूंसाठी तेले होती. किनाऱ्यावर उंडीच्या फळांचे उंडेल, जे होडीच्या फळ्यांना चोपडीत, दिव्यात जाळीत आणि संधिवाताच्या गुडघ्यालाही चोळीत. करंजाचे कडू तेल. नारळाचे तर घरचेच. त्यावर निर्गुडीचा पाला तव्यावर तापवून त्याचा शेक, किंवा पुरचुंडीत बांधलेल्या जाड मिठाचा. या साऱ्या खटाटोपास शास्त्राधार विचारला असता वैद्य वाग्भटाकडे बोट दाखवीत, आणि वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगाला श्रम, जरा आणि वात यांचे हरण करणारा म्हटले आहे, मस्तक, कान आणि पाय यांवर तो विशेष करावा असे सांगितले आहे, व्यायामानंतर सर्वांग सुखावह रीतीने मर्दन करावे असेही म्हटले आहे, हे खरेच. परंतु त्याच अध्यायात त्याने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, थंडीत व वसंतात करावा व एरवी मंद करावा असा निर्बंध घातला आहे. आणि व्यायाम, जागरण, वाटचाल यांचा अतिरेक करणारा मनुष्य हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असा इशाराही दिला आहे. तेलाचे वचन सर्वांच्या तोंडी बसले, अर्ध्या शक्तीचे कोणी फारसे सांगत नाही. तेल विकता येते, संयम विकता येत नाही, हे कारण असावे!

तेलाहूनही मोठी कीर्ती या जिल्ह्यात उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची. पालघरपासून राजापुरापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी अशा झऱ्यांची एक माळच आहे. त्यांतले आरवली, तुरळ आणि राजवाडी हे तिन्ही मुंबई-गोवा मार्गाच्या अगदी जवळ, दापोली तालुक्यातील उन्हवरे थोडे आडबाजूस, आणि राजापूरचे उन्हाळे अर्जुना नदीच्या काठी, गंगेच्या माळाखाली. उन्हवऱ्याच्या मूळ झऱ्याचे पाणी सुमारे 70 अंश सेल्सिअस इतके तप्त असते, तेव्हा तेथे थेट उडी घेण्याचा विचार कोणी करू नये. राजापूरचे अंगाला सोसवेल असे. कुंडाच्या पायरीवर बसून प्रथम पावले, मग पोटऱ्या, मग कंबर असे हळूहळू उतरावे लागते. गंधकाचा उग्र वास नाकात भरतो, आणि थोड्याच वेळात भरून आलेल्या पोटऱ्या अशा सैल पडतात की वर येताना पायऱ्या मोजूनच चढाव्या. गंधकामुळे स्नायूंतला दोष बाहेर पडतो अशी समजूत सर्वत्र आढळते. तिला प्रमाण नाही. उष्णतेने रक्ताभिसरण वाढते आणि वेदना काही काळ मंदावते, एवढे मात्र प्रयोगांनी दाखविले आहे, आणि ते काम घरच्या चुलीवरचे पाणीही करते. वाग्भटाने ऊन पाणी अधःकायावर घेणे बलवर्धक पण मस्तकावर घेणे केसांस व डोळ्यांस हानिकारक म्हटले आहे, त्यातील पूर्वार्ध कुंडाच्या पायरीवर बसलेल्याला सहज पटतो.

पोटासाठी धावणे आणि पैजेसाठी धावणे यांची गाठ महाराष्ट्रात पडली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर. तेथील 1919 सालच्या क्रीडासामन्यांत शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी पायांनी ज्या वेगाने धावले तो पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्याच खटपटीने 1920 साली हिंदी खेळाडूंचे पथक अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते; 42 किलोमीटर 750 मीटर अंतराची ती मॅरेथॉन त्यांनी 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. येथून धावणे हा छंद झाला, आणि छंद आला की उपचारांची बाजारपेठही येते.

या बाजारपेठेची पायाभूत कल्पना अशी की श्रमाने स्नायूंत आम्ल साचते, आणि ते चोळून, ताणून किंवा गोठवून बाहेर काढले पाहिजे. हिल आणि मायरहोफ यांना ज्या स्नायूविषयक संशोधनासाठी 1922 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातील लॅक्टिक आम्लाचा हा लौकिकात पसरलेला अपभ्रंश होय. वस्तुतः ते धावणे थांबल्यावर तासाभरात आपोआप ओसरते. ठणका मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो, म्हणजे आरोपी घटनास्थळावरून गेल्यावर गुन्हा घडतो! थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1902 सालीच हा उशिराचा ठणका थकव्याचा नसून स्नायूंच्या आतील सूक्ष्म फाटाफुटीचा असावा, असे मत मांडले होते, आणि पुढील संशोधनाचा कल त्याच बाजूला गेला. स्नायू लांबत असताना भार सोसतो तेव्हा ही फाटाफूट अधिक होते. म्हणूनच आंबा घाट चढणाऱ्यापेक्षा उतरणाऱ्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात.

आता एकेका उपचाराचा निवाडा करू. स्नायू ताणण्याच्या व्यायामांविषयी झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 2011 साली कॉक्रेन या संस्थेने घेतला. धावण्यापूर्वी ताणा किंवा नंतर ताणा, ठणक्यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. बर्फाच्या पाण्याने ठणका काहीसा कमी जाणवतो, हे त्याच संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात आले. पण त्यातील प्रयोग लहान होते, आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बलवर्धक व्यायामानंतर नित्य थंड पाण्यात बसणाऱ्यांची स्नायुवृद्धीच मंदावलेली आढळली. मालिशीने वेदना आणि थकव्याची भावना कमी होते. पळण्याचा वेग वाढत नाही, आणि आम्ल बाहेर निघत नाही, कारण काढायला ते उरलेलेच नसते. घट्ट मोज्यांचा गुण असलाच तर माफक.

सर्वांत मौजेचा प्रयोग मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातला, 2014 सालचा. काहींना थंड पाण्यात बसविले, काहींना साध्या कोमट पाण्यात, आणि तिसऱ्या गटाच्या कोमट पाण्यात अंग धुण्याचा साधा द्रव ओतून, हे शक्ती भरून आणणारे खास तेल आहे, असे त्यांना भासविले. या तेलवाल्यांची शक्ती थंड पाण्यात बसलेल्यांच्या तोडीने भरून आली! म्हणजे उंडेलाचा गुण उंडीच्या फळात किती आणि ते चोळणाऱ्या हातावरील विश्वासात किती, हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही. यावरून तेलाची टर उडवावी असे मात्र मला वाटत नाही. ज्याला बरे वाटले त्याला बरेच वाटले, आणि हा लाभ घरच्या बाटलीत मिळत असेल तर त्यासाठी बर्फाच्या लाद्या का आणाव्या?

मग हरकाऱ्याला दुसऱ्या दिवशी धाववत असे ते कशाच्या बळावर? याचे उत्तर त्याच टप्प्यात आहे. एकदा एका प्रकारच्या श्रमाने दुखावलेला स्नायू बरा होताना त्याच श्रमाला असा सरावतो की पुढे काही आठवडे तेवढ्याच श्रमाने तो पूर्वीसारखा दुखत नाही, ही आज सर्वमान्य गोष्ट आहे. हरकारा तोच टप्पा, तेच चढउतार, नित्य तुडवीत होता. त्याच्या मांड्यांना घाट नवा नव्हता. आम्ही आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम वीस किलोमीटर धावतो, आणि मग त्याने न मागितलेल्या औषधांचा शोध घेतो. नित्याच्या सरावाचे आणि आखून दिलेल्या अंतराचे श्रेय तेलाने लाटले, असे माझे मत आहे.

राहिली पेज. उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड किंवा सुका बांगडा, असा कोकणातल्या कष्टकऱ्याचा नाश्ता चिकित्सकाच्या दृष्टीने पाहिला तर त्यात पाणी आहे, घामावाटे गेलेले मीठ आहे आणि स्नायूंतली संपलेली साखर भरून काढणारा स्टार्च आहे. ही भरपाई पोटभर खाणाऱ्याच्या स्नायूंत साधारण एका दिवसात होते. रत्नागिरीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो, म्हणून येथे मिठाचे मोल घाटावरच्यापेक्षा अधिक. दुसरी भरपाई झोपेची. तिच्याविषयी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंवरील 2011 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. रोज दहा तास अंथरुणात घालविण्याचा परिपाठ काही आठवडे पाळल्यावर त्यांचा धावण्याचा वेग वाढला. खेळाडू अवघे अकरा आणि तुलनेला दुसरा गट नाही, हे त्याचे वैगुण्य मान्य करूनही झोपेवाचून भागते असे कोणताही गंभीर संशोधक म्हणत नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या शर्यतींच्या चालकांना एक विनंती आहे. समाप्तिरेषेजवळ बर्फाच्या टबांसाठी जी जागा आणि जो पैसा राखून ठेवता, त्यातून गरम पेजेचे टोप मांडा आणि एक मोठा मांडव घाला. शर्यत पहाटे पाचला सोडा, म्हणजे धावणाऱ्यांना दुपार झोपेसाठी मोकळी सापडेल. आणि नोंदणीच्या अर्जावर, गेले तीन महिने आठवड्याला किती धावलात, हा एक रकाना घाला. ज्याचा तो रकाना कोरा येईल त्याला लहान अंतराच्या शर्यतीत बसवा, मग तो कितीही मोठी देणगी देवो.