फॉरमॅट मारला, पण पुसले काय?

‘फॉरमॅट मारला म्हणजे डिस्क कोरी झाली’ हा समज अडाणीपणातून आलेला नाही. एके काळी तो खरा होता, पण फ्लॉपीच्या बाबतीत. डॉसच्या काळातली ३६० केबीची फ्लॉपी फॉरमॅट करताना संगणक तिच्या दोन्ही बाजूंच्या चाळीस-चाळीस वर्तुळांवर एकेक सेक्टर नव्याने आखत जाई आणि प्रत्येकात एकच ठराविक बाइट भरत जाई. आधीचा मजकूर त्याखाली गाडला जाई, तो परत मिळण्याचा प्रश्नच नसे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी-एक्सटी १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आला. त्याच्या डॉस २.० मध्ये हीच आज्ञा हार्ड डिस्कलाही लागू झाली, पण तिचे काम बदलले होते. हार्ड डिस्कवरचे सेक्टर आखण्याचे काम कंट्रोलर कार्डाच्या रॉममधला वेगळा प्रोग्रॅम आधीच करून ठेवी. डॉसची फॉरमॅट आज्ञा फक्त फाइलींची नोंदवही कोरी करी आणि उरलेली डिस्क खराब जागा शोधण्यासाठी नुसती वाचत जाई. वाचायला बराच वेळ लागे. समोर बसलेल्याला वाटे, पुसणे चालले आहे. त्यात पडद्यावर आधीच इशारा आलेला असे की डिस्कवरचा सगळा डेटा नष्ट होईल. माझ्या मते पुढच्या चाळीस वर्षांच्या गैरसमजाचे मूळ इथे आहे. आज्ञा एक, तिची कामे दोन, आणि इशारा मात्र फ्लॉपीला शोभणारा.

यात कंपन्यांची फसवणूक होती का? मला तसे वाटत नाही. लोकांना पुसण्यापेक्षा वाचवण्याची गरज जास्त होती. डॉसमध्ये फाइल काढली की नोंदीतल्या नावाचे पहिले अक्षर बदले आणि तिने अडवलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. मजकूर जागच्या जागी राही. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेतातले पीक उपटले जात नाही, तसेच हे. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये नेमक्या याच फटीचा फायदा घेऊन काढलेली फाइल परत आणणारा प्रोग्रॅम विकायला आणला, आणि त्यावर त्यांची कंपनी उभी राहिली. १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अनडिलीट’ आणि ‘अनफॉरमॅट’ या आज्ञाच देऊन टाकल्या. त्याच आवृत्तीपासून आधी फॉरमॅट झालेली फ्लॉपीसुद्धा पुन्हा फॉरमॅट करताना मुद्दाम सांगितल्याशिवाय पुसली जाईनाशी झाली. म्हणजे समजाला जो एक खरा आधार होता, तोही गेला. समज मात्र राहिला.

फायलींचे हे झाले. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढताना आणखी एक पेच पडतो, आणि त्याचेही मूळ १९८३ मध्येच आहे. डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर कोणत्याच पार्टिशनमध्ये मोडत नाही. त्यात ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी असतात. फॉरमॅट चालते पार्टिशनच्या आत, त्यामुळे या सेक्टरला तिचा हातच लागत नाही. लिनक्स आल्यावर याची किंमत कळली. लिनक्स सुरू करणारा ‘ग्रब’ हा प्रोग्रॅम आपला पहिला तुकडा या सेक्टरात, दुसरा त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत आणि उरलेला भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये ठेवी. कंटाळून कोणी विंडोजमधून ते पार्टिशन उडवले, की पुढच्या वेळी पहिला तुकडा नेहमीप्रमाणे जागा होई, आपला उरलेला भाग शोधू लागे आणि तो न सापडल्यामुळे काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच लिहून थांबे. विंडोज शाबूत असे, पण तिच्यापर्यंत पोचता येत नसे. डॉसच्या ‘एफडिस्क’ला ‘एमबीआर’ जोडून दिलेली, पुस्तिकेत न छापलेली आज्ञा यावरचा उतारा होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जोडणाऱ्या पिढीत ती तोंडी पसरणेच स्वाभाविक होते. पुढे तक्त्याची नवी पद्धत आली, तिने तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली. म्हणून नुसता आरंभ पुसून भागेना. शिवाय नव्या मदरबोर्डांवर सुरू होण्याच्या सिस्टीमची यादी बोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत असते. डिस्क कोरी केली तरी तिथे जुन्या लिनक्सचे नाव दिसत राहू शकते.

यावर कोणी म्हणेल, घरगुती डिस्कमध्ये डोकवायला कोणाला वेळ आहे? एमआयटीतल्या सिमसन गार्फिंकेल आणि अभि शेलत यांनी तो काढला होता. त्यांनी १५८ जुन्या डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू अवस्थेतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या १२. बाकीच्यांत हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते, आणि एक डिस्क तर एटीएममधली असावी असे दिसत होते. दुसरा आक्षेप असा की २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट खरोखर शून्ये भरते. खरे आहे. पण चौकटीत ‘क्विक फॉरमॅट’ची खूण आधीच केलेली असते आणि ती काढायची तसदी फारसे कोणी घेत नाही. नवी विंडोज टाकल्याने जुने आपोआप झाकले जाते, हाही भरवसा पोकळ आहे. ती वीस-तीस जीबी अडवते, ५०० जीबीच्या डिस्कवरचे उरलेले तसेच राहते.

याच्या उलट टोकाला डिस्कला ड्रिलने भोके पाडणारे आहेत. पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातले ३५ वेळा पुसण्याचे वेळापत्रक त्यांच्या तोंडी असते. ते आकडे निरनिराळ्या जुन्या लेखनपद्धती धरून काढले होते, आणि आजच्या डिस्कवर सगळे फेरे मारण्यात अर्थ नाही, असे पुढे गटमन यांनीच स्पष्ट केले. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००६ मध्ये २००१ नंतरच्या मोठ्या डिस्कसाठी एक फेरा पुरेसा ठरवला. धडधाकट डिस्क भोक पाडून कचऱ्यात घालणे हा मला निव्वळ अपव्यय वाटतो. एसएसडीचे मात्र वेगळे आहे. तिथे झीज सारखी व्हावी म्हणून चिप लिखाण सतत नव्या जागी नेते, म्हणून वरून शून्ये भरूनही काही जुने तुकडे मागे राहतात. तिच्यासाठी ड्राइव्हची स्वतःची इरेज आज्ञाच वापरावी. वापरलेली फिरती डिस्क विकताना किंवा विकत घेताना कोणी ‘पुसून दिली आहे’ म्हणाले, तर किती वेळ लागला एवढेच विचारा. ५०० जीबीला तास-दीड तास लागतो. अर्ध्या मिनिटात उरकले असेल, तर काहीही पुसलेले नाही.