रुग्ण दूरदेशी का जातो? कल्याण, फिलाडेल्फिया आणि परळ

१/ उपचारांसाठी घर सोडणाऱ्या रुग्णाचे अंतर आपण मैलांत मोजतो. इतिहासात मात्र असे रुग्ण भेटतात, ज्यांच्यापासून रुग्णालय जवळ होते आणि उपचार दूर. या अंतराची एक कथा कल्याणात सुरू होते.

२/ आगगाडी ठाण्याला १८५३ साली पोहोचली, कल्याणला १८५४ साली. मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय १८४५ पासून उभे होते. म्हणजे ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना जन्मली, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे मोठे केंद्र रेल्वेने सुमारे ५० किलोमीटरवर होते.

३/ नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह होऊन यमुनेची आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. पुरेशा वैद्यकीय मदतीअभावी तो दहा दिवसांतच दगावला.

४/ अडसर केवळ अंतराचा नव्हता. परपुरुषापुढे शरीराची व्यथा सांगणे कुलीन स्त्रीला अशक्यप्राय होते आणि डॉक्टर तर बहुतेक पुरुषच. रुग्ण स्त्री घराचा उंबरठा ओलांडू शकत नव्हती. म्हणून तिच्या वतीने कोणीतरी समुद्र ओलांडणे भाग होते.

५/ फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषणात अमेरिकेला जाण्याची कारणे मांडली. हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड हे त्यांतले प्रमुख. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. मार्च १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या, प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

६/ कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. परंतु परतल्या त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

७/ योगायोग असा, की १८८६ सालीच मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. तेथे रुग्ण स्त्रिया आणि उपचार करणाऱ्याही स्त्रिया. सूत्रे इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांच्याकडे. जे अंतर रूळ मिटवू शकले नव्हते, ते स्त्री-डॉक्टरच्या उपस्थितीने कमी होऊ लागले.

८/ परदेशगमनाचे दुसरे कारण म्हणजे साधनांची उणीव. येथे श्रीमंतीचा उपयोग होई, पण मर्यादित. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली वेल्समधील शुश्रूषागृहात ल्युकेमियाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही जर्मनीत निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीकडे सोपवली होती.

९/ त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. कर्करोगावरील विशेष उपचारांसाठी आता युरोपची बोट धरणे हा एकमेव मार्ग उरला नाही. १९५७ साली रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले.

१०/ आज प्रवासाची दिशा फिरली आहे. कल्याण-डोंबिवलीचा रुग्ण लोकलने परळला जातो. उत्तर आणि पूर्व भारतातून आलेला रुग्ण त्याच कल्याण जंक्शनवरून पुढे सरकतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कित्येकांना आसरा मिळतो. ज्यांना तो मिळत नाही, ते रुग्णालयाजवळच्या पदपथावर पथारी पसरतात.

११/ म्हणून 'रुग्ण दूर का जातो?' या प्रश्नाचे उत्तर केवळ 'तिकडे डॉक्टर चांगले' असे देता येत नाही. कधी विश्वासाने बोलता येईल असे माणूस जवळ नसते, कधी यंत्र नसते, कधी यंत्र असूनही रांग संपत नाही. कामा आणि टाटा या संस्थांनी यांतले एकेक अंतर कमी केले. पदपथावरची पथारी हे अद्याप न मिटलेले अंतर आहे.