सावंतवाडीची गंजिफा: चितारींचा कुंचला आणि खेळाचे नियम

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा संच, आणि प्रत्येक संचात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, कल्कीच्या पानांवर तलवारी, अशा खुणांवरून संच ओळखायचा. आज ही पाने बहुधा चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात. त्यामुळे त्यांच्याकडे चित्रकलेचा नमुना म्हणूनच पाहिले जाते आणि तो एक अत्यंत विचारपूर्वक रचलेला खेळ आहे, ही गोष्ट मागे पडते.

गंजिफा भारतात आली ती इराणी-मोगल वाटेने. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील गंजिफेचे वर्णन अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. पुढे सर्वाधिक रूढ झालेली मोगल गंजिफा आठ संचांची, 96 पानांची होती. ताज, शमशेर, गुलाम ही तिच्यातल्या संचांची नावे दरबार आणि खजिना यांच्याशी नाते सांगतात. दक्षिणेत आणि पूर्वेत त्याच सांगाड्यावर देवदेवतांचे संच आले. मूळ खेळाची रचना फारशी न बदलता आठाचे दहा संच झाले आणि 96 पानांची 120 झाली.

सावंतवाडीत हा खेळ रुजला तो तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1755 ते 1803 या काळात, असे मानले जाते. तेलंगणातून दरबारी आलेल्या विद्वान ब्राह्मणांकडून राजांना खेळाची माहिती मिळाली आणि गावातल्या चितारींनी पाने तयार केली, अशी राजघराण्यात चालत आलेली हकीकत आहे. गावोगावच्या जत्रांत दशावतारी नाटके पाहणाऱ्या या मुलखाला अवतारांची ओळख वेगळी करून देण्याची गरज नव्हती. दहा संच लक्षात ठेवणे हा नवशिक्याला जड जाणारा भाग इथे आपोआपच हलका झाला असणार.

पान तयार करण्याची रीत चितारींच्या घरात बापाकडून मुलाकडे जाई. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर खडूचा पांढरा लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटून पृष्ठभाग चकचकीत करायचा. मग गोल कापून रंगवायचे आणि पाठीला लाख द्यायची. लाखेमुळे पान ताठ राहते. शिवाय सगळ्या पाठी एकसारख्या दिसाव्या लागतात, कारण पाठीवरचा एखादा डाग ओळखू आला तरी डाव फुटतो. एका संचातल्या संख्येच्या पानांवर एक ते दहा मिळून 55 खुणा होतात, म्हणजे पूर्ण गंजिफेत 550. याखेरीज राजा आणि प्रधान यांची वीस चित्रे. पानाच्या कोपऱ्यात आकडा छापण्याची सोय गोल पानात नसते. खेळणाऱ्याला खुणा एका नजरेत मोजता आल्या पाहिजेत, म्हणून आठ आणि नऊ यांची मांडणी निराळी दिसेल अशीच चितारी करतो. त्याच कारणाने प्रत्येक संचाच्या जमिनीचा रंग वेगळा असतो. खेळ नीट चालण्यासाठी जे हवे, तेच या चित्रकलेचे नियम बनले आहेत.

खेळ तिघांचा. गोल पाने पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, म्हणून ती चादरीवर पालथी पसरून हातांनी कालवतात आणि सगळी वाटून टाकतात. प्रत्येकाच्या वाट्याला 40 पाने येतात, झाकलेला कट्टा उरत नाही. आपल्या हातात नाही ते इतर दोघांपैकी एकाकडे आहे, हे पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. हुकमाचा वेगळा संच नसतो. उतारीच्याच संचातले पान टाकण्याची सक्तीही नाही. मात्र हात जिंकायचा तर त्याच संचातले वरचढ पान लागते. त्यामुळे कोणती मोठी पाने पडून गेली हे ज्याच्या ध्यानात आहे, त्याला आपले मधले पान केव्हा अजिंक्य झाले ते कळते. गंजिफेत नशिबाचा भाग वाटपापुरता आहे, पुढचे सगळे स्मरणशक्तीवर चालते.

दोन नियमांनी या खेळाला त्याची खरी चव येते. दहांपैकी पाच संचांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच संचांत हा क्रम उलटा, एक्का मोठा आणि दश्शी लहान. एवढ्या एका युक्तीने हातातल्या प्रत्येक पानाकडे दोनदा पाहावे लागते, आणि त्यासाठी एकही जादा पान किंवा चिन्ह खर्ची पडत नाही. दुसरा नियम वेळेचा. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, सूर्यास्तानंतर मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. बाहेरच्या उजेडाने खेळाची सुरुवात बदलते. व्हिडिओ गेमच्या पडद्यावर दिवस-रात्रीनुसार नियम बदलण्याची योजना आज सर्रास आढळते. ती प्रोग्रामशिवाय, केवळ खेळणाऱ्यांच्या संमतीवर चालवण्याचा हा नमुना काही शतके जुना आहे. गेम रचायला शिकणाऱ्याने तो एकदा तरी हाताळावा, इतका तो नेटका आहे.

हे नियम मुख्यतः बैठकीत शिकले जात. ते लिहूनही ठेवले गेले. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांच्या ‘क्रीडाकौशल्य’ या 1871 च्या संस्कृत ग्रंथात अनेक खेळांबरोबर गंजिफेलाही जागा आहे. पण लिखित नियमाने उलटा क्रम कळतो, अंगवळणी पडत नाही. त्यासाठी जाणत्याच्या शेजारी बसून डाव हरावे लागतात.

एकोणिसाव्या शतकापासून छापील 52 पत्ते स्वस्तात मिळू लागले. रंगवलेल्या 120 पानांना त्या किमतीशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. चितारींनी इस्पिक-बदामाची गोल पानेही रंगवून पाहिली, पण मागणी आटतच गेली. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि उरलासुरला दरबारी आश्रयही संपला. चितार आळीतले हात लाकडी फळे आणि खेळणी यांच्याकडे वळले.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीस सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी या कलेचा शोध घेतला, तेव्हा गंजिफा रंगवण्याची पूर्ण रीत जाणणारे वृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. सत्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडून शिकल्या, तरुण कारागिरांना शिकवले गेले आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये काम सुरू झाले. या एका निर्णयाचे मोल फार मोठे आहे. आणखी काही वर्षे गेली असती तर शिकवणाराच उरला नसता. पुढे 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भारतीय गंजिफांचे प्रदर्शन भरले. मुंबईत राहून गंजिफा गोळा करणारे रुडॉल्फ फॉन लायडन यांनी त्याची पुस्तिका लिहिली आणि अभ्यासकांचे लक्ष या खेळाकडे वळले.

सत्वशीलादेवींचे 2018 मध्ये निधन झाले. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने वस्तूचे नाव आणि तिचे मूळ गाव यांना संरक्षण मिळते. तिघांनी चादरीवर बसून डाव मांडायची सवय मात्र त्याच्या कक्षेत येत नाही, आणि खेळणारे आज मोजकेच आहेत. पुनरुज्जीवनात कुंचला शिकवणारा गुरू वेळेत सापडला. डाव शिकवण्याची तशीच व्यवस्था सावंतवाडीतल्या शाळा-महाविद्यालयांतून उभी करणे अवघड नाही: त्यासाठी एक संच, तीन विद्यार्थी आणि नियम जाणणारा एक माणूस पुरतो.