माळरानावरील शर्यत आणि देहाची ऊब

इंग्लंडच्या मध्यभागापासून उत्तरेकडे पसरलेल्या पेनाइन डोंगरांची उंची ऐकून कोणाहि गिर्यारोहकास भय वाटूं नये. डर्बीशायरमधील किंडर स्काउट हें पठार अवघें ६३६ मीटर उंच. शेजारचें ब्लीकलो त्याहून किंचित् ठेंगणेंच. तेथें हिमनद्या नाहींत. आहे तें मैलोगणती उघडें माळरान: कुजलेल्या शेवाळाची काळी, पाण्यानें फुगलेली माती, तींत प्रवाहांनीं कोरलेल्या घळी आणि अडोशास क्वचितच एखादें झाड. अशा माळावर ऐन थंडीत शर्यत लावावी ही हौस इंग्रज तरुणांस जुनी आहे. परंतु त्या हौसेचें मोल सर्वांस कळून आलें तें १९६४ सालीं.

डर्बी येथील रोव्हर, म्हणजे वयानें मोठे बालवीर, १९५७ पासून या भागांत सुमारें ४५ मैल चालण्याची एक शर्यत भरवीत. वाटेवरील चार जुन्या पांथगृहांवरून तिला ‘फोर इन्स’ हें नांव पडलें होतें. १४ मार्च १९६४ रोजीं सुमारें २४० तरुण लहान लहान तुकड्यांनीं निघाले. पंचांगाप्रमाणें वसंत जवळ आला होता. माळावर मात्र सोसाट्याचा वारा आणि पाऊस होता, व पुढें बर्फहि पडूं लागलें. बहुतेकांनीं शर्यत अर्ध्यावर सोडली. तिघे तरुण परत आलेच नाहींत. गारठ्यानें त्यांचा अंत झाला.

हे तिघे दुबळे नव्हते आणि पाराहि गोठणबिंदूच्या आसपासच होता. मग मृत्यु ओढवला कसा? या प्रश्नाचा छडा ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञानें लाविला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर हेच गृहस्थ गेले होते. त्यांनीं या दुर्घटनेचा वृत्तान्त त्याच वर्षीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केला, आणि पुढें प्रयोगशाळेंत तरुणांस भिजलेल्या कपड्यांनिशीं वाऱ्यांत ठेवून पाहिलें. कोरडा कपडा उबदार असतो तो त्याच्या धाग्यांत कोंडलेल्या हवेमुळें. तो भिजला व त्यावर वारा लागला, कीं ती ऊब फारच थोडी उरते. अशा वेळीं माणसास जगवितात ते त्याचे चालते पाय. स्नायू जोमानें काम करीत आहेत तोंवर ते उष्णता निर्माण करतात. थकव्यानें गति मंदावली कीं आंतली भट्टी विझूं लागते, आणि विझत्या भट्टीबरोबर विचारशक्तीहि मावळते. पाऊल अडखळतें, जीभ जड होते; आपण संकटांत आहों हें ज्याचें त्यासच उमगत नाहीं. सोबत्यानें तें ओळखावें, थांबावें, आडोसा करावा, हाच त्यावर उपाय.

त्याच १९६४ सालीं त्या परिसरांतील बचाव पथकांस एका सूत्रांत बांधणारी संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षीं, २४ एप्रिल १९६५ रोजीं, ‘पेनाइन वे’ ही पायवाट खुली झाली. ईडेल येथून किंडर व ब्लीकलो ओलांडून ती २६८ मैलांवर स्कॉटलंडमधील कर्क येथॉम गांवीं पोंचते.

याच वाटेवर २०१२ पासून जानेवारींत ‘स्पाइन’ ही शर्यत धावली जाऊं लागली. मुदत १६८ तासांची, आणि रात्री सोळा-सोळा तासांच्या. निजण्याची पिशवी व निवारा स्पर्धकानें जवळ बाळगलाच पाहिजे, असा दंडक. तो कोठें आहे हें दाखविणारें यंत्रहि अंगावर. २०१९ सालीं जॅस्मिन पॅरिस या स्त्रीनें सर्व पुरुषांस मागें टाकून ही शर्यत ८३ तास १२ मिनिटें २३ सेकंदांत जिंकली. पूर्वीच्या विक्रमाहून हा वेळ बारा तासांनीं कमी होता. त्या वेळीं त्यांचें मूल अंगावर पीत असे, म्हणून विसाव्याच्या ठिकाणीं त्या दूध काढून ठेवीत.

त्याच शर्यतींत दुसऱ्या क्रमांकावरील धावपटूचें त्राण शेवटचे थोडे मैल उरले असतां संपलें. त्याला बचाव पथकाच्या मदतीनें शर्यतीबाहेर पडावें लागलें. त्याचें नांव विजयपटावर लागलें नाहीं. परंतु तो जिवंत घरीं परतला. १९६४ च्या त्या तिघांच्या वाट्यास हें भाग्य आलें नव्हतें. माळ तोच, वाराहि तोच. पंचावन्न वर्षांत बदललें तें एवढेंच, कीं थांबावें केव्हां हें माणूस शिकला, आणि थांबलेल्यास आणावयास जाणारे लोक तयार राहूं लागले.