युवराजाच्या टोपाचे सर

कोरियातल्या जोसॉन राजघराण्यात युवराज वयात आला की ‘ग्वल्ये’ हा विधी होई. त्यात त्याच्या डोक्यावर तीनदा वेगवेगळा टोप चढवत आणि दरवेळी पोशाखही बदलत: आधी रोजच्या कारभाराचा, मग दरबाराचा, शेवटी पूर्वजांच्या पूजेचा. १४७४ च्या ‘गुकजो ओर्येउई’ या विधिग्रंथात हा क्रम दिलाय. अशा पोशाखावर लिहिताना नुसतं ‘भरजरी’ म्हणून मोकळं होऊ नका. शेवटच्या टोपाची सपाट फळी बघा, तिला लटकणारे मण्यांचे सर मोजा. युवराजाला ८, राजाला ९, चीनच्या मिंग सम्राटाला १२. म्हणजे मुलगा मोठा झाला हे सांगतानाच तो कुणाकुणाच्या खाली आहे, हेही त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेलं! १८९७ मध्ये राजा गोजोंगने स्वतःला सम्राट जाहीर केलं, तेव्हा त्याच्या टोपाला १२ सर आले.