रेणूची रचना कॉम्प्युटर कशी शोधतो?

सॅनिटायझरमधलं इथेनॉल घ्या. त्याच्या एका रेणूत २ कार्बन, ६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असतो. डायमिथाइल इथरमध्येही अगदी हेच ९ अणू असतात. पण इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, तर डायमिथाइल इथर खोलीच्या तापमानालाच वायू असतो. फरक फक्त जोडणीचा: इथेनॉलमध्ये ऑक्सिजनच्या एका बाजूला कार्बन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन असतो, इथरमध्ये तो दोन कार्बनच्या मधोमध बसतो. अशा संयुगांना समघटक किंवा आयसोमर म्हणतात.

म्हणजे नुसतं सूत्र कळून भागत नाही. कॉम्प्युटरला दोन कामं करावी लागतात: त्या सूत्रातून शक्य असलेल्या सगळ्या रचना तयार करायच्या आणि त्यातली खरी कोणती ते ओळखायचं.

पहिलं काम दिसतं तितकं सोपं नाही. एकेरी बंधांच्या साध्या हायड्रोकार्बनमध्ये ४ कार्बन असतील तर रचना २ होतात. १० कार्बनला ७५. २० कार्बनला ३,६६,३१९. आणि ३० कार्बनला ४११ कोटींहून जास्त! यात डावं-उजवं रूप तर मोजलेलंच नाही. शाळेत बेंझीनचा एकच षटकोन शिकवतात, पण ६ कार्बन आणि ६ हायड्रोजन एवढंच सांगितलं तर कागदावर २१७ रचना बसतात.

प्रोग्रामच्या दृष्टीने रेणू म्हणजे ग्राफ. अणू म्हणजे नोड, बंध म्हणजे एज. कार्बनला ४ हात, ऑक्सिजनला २, हायड्रोजनला १. हे हात जुळवत जायचं, बस्स. खरी डोकेदुखी डुप्लिकेटची आहे. एकाच रेणूतल्या अणूंना वेगळे नंबर दिले की कॉम्प्युटरला तो नवा रेणू वाटतो. म्हणून नंबर द्यायची एकच ठरलेली पद्धत लागते. १९६५ मध्ये मॉर्गन यांनी अशी पद्धत मांडली: प्रत्येक अणूचे शेजारी बघा, मग शेजाऱ्यांचे शेजारी, आणि त्यावरून क्रम लावा. चांगले जनरेटर तर डुप्लिकेट तयारच होऊ देत नाहीत, नाहीतर मेमरी कधीच भरून जाईल. २०२२ मध्ये आलेला ‘सर्ज’ हा त्यातला ओपन सोर्स प्रोग्राम आहे.

आता ओळखण्याचं काम. १९६५ मध्येच स्टॅनफर्डला ‘डेंड्रल’ प्रकल्प सुरू झाला. जोशुआ लेडरबर्ग यांना मंगळावरच्या जीवसृष्टीच्या शोधात रस होता, एडवर्ड फायगेनबॉम यांना यंत्राला विचार करायला लावायचं होतं. पुढे रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी आणि ब्रूस बुकॅनन हेही सोबत आले. डेंड्रलला मास स्पेक्ट्रोमीटरची माहिती दिली जायची. हे यंत्र रेणू फोडून तुकड्यांचं वजन मोजतं. इथेनॉलचा सगळ्यात ठळक तुकडा ३१ वजनाचा, डायमिथाइल इथरचा ४५. डेंड्रल आधी पुराव्यावरून अशक्य गोष्टी बाद करायचा, मग उरलेल्या रचना बनवायचा, आणि प्रत्येकीचा स्पेक्ट्रम कसा दिसेल याचा अंदाज खऱ्या मोजणीशी ताडून बघायचा. माझ्या मते यातली पहिली पायरीच सगळ्यात भारी आहे.

आज एनएमआरची मोठी मदत होते. इथेनॉलमध्ये हायड्रोजनचे तीन प्रकार दिसतात, इथरमध्ये एकच. तरीही माणसं चुकतात. हेक्झासायक्लिनॉल हे बुरशीतून मिळालेलं संयुग घ्या. त्याची रचना २००२ मध्ये जाहीर झाली. २००६ मध्ये स्कॉट रिचनॉव्हस्की यांनी त्या रचनेचा एनएमआर कॉम्प्युटरवर काढून बघितला तर तो जुळेचना. त्यांनी दुसरी रचना सुचवली, आणि त्याच वर्षी जॉन पोर्को यांच्या गटाने ती प्रयोगशाळेत बनवून खरी ठरवली. चुकीच्या रचनेवरून रेणू बनवायला घेतला तर वर्षांची मेहनत पाण्यात जाते, म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

हल्ली मशीन लर्निंगची मॉडेलं स्पेक्ट्रम बघून पटकन रचना सुचवतात. पण त्यांचा भर आधी पाहिलेल्या रेणूंवर असतो. एकही शक्यता सुटली नाही याची खात्री हवी असेल तर सगळ्या रचना मोजणारा जनरेटरच लागतो.

फोनवर पबकेम ही मोफत साइट उघडा आणि सुरुवातीचं ९ अणूंचं सूत्र इंग्रजीत टाकून शोधा. इथेनॉल आणि डायमिथाइल इथर, दोन्ही त्याच यादीत सापडतील.